निर्बंध उठले, पण 23 मे 2022 पर्यंत एक काम करायचं होतं

मैत्रिणींनो, गुढीपाडव्यापासून, म्हणजे 2 एप्रिल 2022 पासून, राज्यातले कोरोनाचे सगळे निर्बंध उठलेत. मंत्रिमंडळाचा निर्णय 31 मार्चलाच झाला. तरी तेव्हा गटाच्या बैठकांना गेले की प्रश्न तेच असायचे. "आते मास्क काढी टाकू का ताई?" किंवा, "लग्नाची ऑर्डर घेतली आणि पुन्हा बंद झालं तर?"

मास्कचं आधी सांगते. आता तो ऐच्छिक आहे. लावला नाही म्हणून कोणी दंड मागू शकत नाही. दंडाची पावती फाडायचा अधिकार आला होता तो आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 आणि साथरोग कायदा 1897 यांच्या आदेशांमधून. दुकान किती वाजता बंद करायचं, आठवडे बाजार भरवायचा की नाही, हे सगळं याच आदेशांवर चालायचं. ते आदेश आता मागे घेतलेत. घरात सासू-सासरे आजारी असतील, दवाखान्यात जायचं असेल, तर मास्क जरूर लावा. निर्बंध उठवताना सरकारनेही सल्ला म्हणून तेच सांगितलं होतं.

आता ऑर्डरचं. आपलं सगळ्यात जास्त नुकसान का झालं, ते तारखा बघितल्या की कळतं. पहिलं लॉकडाऊन मार्च 2020 च्या शेवटी लागलं, दुसऱ्या वर्षीचे कडक निर्बंध एप्रिल 2021 मध्ये. दोन्ही वेळा नेमका उन्हाळा! बिबडे, शेवया, कुरडया वाळवायचे दिवस, लग्नसराई आणि आखाजी, सगळं त्यातच गेलं. 22 एप्रिल 2021 पासून तर लग्नाला फक्त 25 माणसं, तेही दोन तासांत आटपायचं, आणि मोडलं तर 50 हजार दंड. 25 माणसांच्या लग्नात पोळ्यांची ऑर्डर कोण देणार?

मग जून 2021 मध्ये पाच स्तर आले. शंभर तपासण्यांमागे किती जण बाधित निघतात आणि ऑक्सिजनचे किती बेड भरलेत, यावर जिल्ह्याचा स्तर ठरायचा. आपला जळगाव जिल्हा पहिल्या स्तरात होता, म्हणजे जवळपास सगळं खुलं. पण डेल्टा प्लसची भीती आली आणि जूनच्या शेवटी राज्याने ठरवलं की कोणताच जिल्हा तिसऱ्या स्तराच्या खाली ठेवायचा नाही. दुकानं पुन्हा दुपारी चारला बंद. ऑगस्टमध्ये सैल झालं, डिसेंबरच्या शेवटी लग्नाला परत 50 माणसं. या उघड-झाकमुळेच तुम्हाला आता विश्वास बसत नाही, आणि त्यात तुमचं काही चुकत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे फार कोणी बोललं नाही. 2022 मध्ये 4 मार्चपासून राज्यातले 14 जिल्हे पूर्ण क्षमतेने खुले झाले. त्यात जळगाव नव्हता. अट अशी होती की पहिला डोस 90 टक्क्यांच्या वर आणि दुसरा 70 टक्क्यांच्या वर झालेला हवा. बाकी जिल्ह्यांत कार्यक्रमाला निम्मी क्षमता किंवा 200 माणसं, जे कमी असेल ते. म्हणजे लग्नसराई तोंडावर असताना महिनाभर आपण लसीमुळे मागे राहिलो. पुढे लाट आली आणि परत अटी लागल्या तर हाच हिशेब होऊ शकतो. म्हणून तेव्हा गटात कोणाचा दुसरा डोस राहिला असेल तर तो घेऊन टाकायला हवा होता. एप्रिल 2022 मध्ये 60 वर्षांवरच्यांना दुसऱ्या डोसनंतर नऊ महिने झाले की तिसरा डोस सरकारी केंद्रात मोफत होता.

तर ऑर्डर घ्या. माणसांची मर्यादा आता नाही. 2022 मध्ये आखाजी 3 मेला होती. फक्त 2019 चा दर सांगू नका. युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर 2022 मध्ये तेल कुठे गेलं होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सामानाचे निम्मे पैसे आगाऊ घ्या. एप्रिल 2022 च्या सुरुवातीला एसटीचा संप पूर्ण मिटलेला नव्हता, म्हणून माल पोहोचवायचं भाडं आधीच बोलून घ्यावं लागत होतं.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला ते. निर्बंध उठले म्हणून बऱ्याच जणींना तेव्हा वाटत होतं की कोरोनाच्या सरकारी योजनाही संपल्या. तसं नव्हतं. कोरोनाने घरातलं माणूस गेलं असेल तर वारसाला 50 हजार रुपये मिळत होते. पण सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2022 ला मुदत ठरवून दिली होती. 20 मार्च 2022 च्या आधी झालेल्या मृत्यूंसाठी 60 दिवस, म्हणजे 23 मे 2022 पर्यंत अर्ज होणं गरजेचं होतं. त्यानंतरच्या मृत्यूंसाठी मृत्यूच्या तारखेपासून 90 दिवस होते.

दाखल्यावर कोरोना लिहिलेलं नाही, म्हणून काही मिळणार नाही, असं समजून काही ताई गप्प बसायच्या. तेवढ्या एका कारणावरून अर्ज नाकारता येत नव्हता. तपासणीत कोरोना निघाला आणि त्यानंतर 30 दिवसांत मृत्यू झाला तर तो धरला जायचा, मग तो घरी का झाला असेना. या 30 दिवसांत कोणी आत्महत्या केली असेल तरीही.

अर्ज ऑनलाइन होता, सेतू केंद्रातून भरता यायचा. अर्जदाराचं आधार, बँक पासबुक, मृत्यूचा दाखला आणि तपासणीचा रिपोर्ट किंवा दवाखान्याचे कागद लागायचे. शिवाय बाकी जवळच्या नातेवाइकांची हरकत नाही, असं स्वयंघोषणापत्र. इथे जपायला हवं होतं. पैसे कोणाच्या खात्यात जाणार ते अर्ज भरतानाच ठरायचं. नवरा गेल्यावर माहेरी आलेल्या ताईने सासरी अर्ज झालाय का, कोणाच्या नावाने झालाय, हे आधी विचारायला हवं होतं. अर्ज नामंजूर झाला तर जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीकडे दाद मागता येत होती. आणि कोणी खोटा रिपोर्ट जोडून देतो म्हणालं तर सरळ नाही म्हणायचं होतं. महाराष्ट्रातल्या 5 टक्के अर्जांची तपासणी करायला केंद्राला न्यायालयाने परवानगी दिली होती.

विधवा ताईंसाठी 2022 मध्ये मिशन वात्सल्य ही राज्याची वेगळी व्यवस्था होती. तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली तालुक्याची समिती असायची. पेन्शन, रेशन कार्ड, वारसा नोंद अशी अडलेली कामं तिथे मांडता यायची.

प्रत्येक ग्रामसंघाने आपल्या गावातल्या अशा घरांची यादी प्रभागसंघाच्या पुढच्या बैठकीला आणावी. ज्या घरातली बाई गटात नाही, तिचंही नाव घ्या. नावापुढे मृत्यूची तारीख, रिपोर्ट आहे की नाही आणि अर्ज झाला की नाही, एवढं लिहिलं तरी पुरेल. ज्यांचे कागद कमी असतील त्यांच्यापासून सुरुवात करू, कारण त्यांनाच जास्त दिवस लागणार आहेत.