पाऊस पाठवणारं जंगल

2014 साली ब्राझीलमधल्या साओ पाउलो शहराचा पावसाळा कोरडा गेला. शहराला पाणी पुरवणारे कांतारेइराचे जलाशय इतके आटले, की मे महिन्यापासून पंप लावून मृतसाठा उपसावा लागला. मृतसाठा म्हणजे काय, हे जायकवाडीच्या बातम्या वाचत वाढलेल्या आपल्यासारख्यांना सांगायला नको. पाऊस हुकायला मुख्य कारण होतं ते ठाण मांडून बसलेल्या उच्च दाबाच्या पट्ट्याचं. पण त्या टंचाईत एक जुनं संशोधन नव्याने चर्चेत आलं. या भागातल्या पावसाचा एक वाटा हजारो किलोमीटर दूरच्या अॅमेझॉनच्या जंगलातून येतो, असं ते सांगत होतं.

एरवी समुद्रावरून निघालेले वारे जमिनीवर जसजसे आत शिरतात, तसतसा पाऊस आटत जातो. अॅमेझॉनच्या खोऱ्यात तसं होत नाही. एनेआस सालाती या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात पावसाच्या पाण्यातल्या ऑक्सिजनच्या जड-हलक्या अणूंचा माग काढला, तेव्हा कारण सापडलं. पडलेल्या पावसातला जवळपास निम्मा पाऊस झाडंच पानांवाटे पुन्हा हवेत सोडतात आणि तीच वाफ पुढे परत पाऊस होऊन पडते. एक मोठं झाड दिवसाला हजार लिटरपर्यंत पाणी हवेत सोडू शकतं, म्हणजे आपल्या गच्चीवरची एक आख्खी टाकी. एका अंदाजाप्रमाणे सगळं जंगल मिळून रोज 2,000 कोटी टन वाफ सोडतं. खुद्द अॅमेझॉन नदी दिवसाला समुद्रात नेऊन ओतते ते पाणी साधारण 1,700 कोटी टन. पश्चिमेला अँडीज पर्वत आडवा आला की हे ओले वारे दक्षिणेकडे वळतात आणि बोलिव्हिया, पॅराग्वे, दक्षिण ब्राझील, अर्जेंटिनापर्यंत पाऊस नेतात. तिकडे त्यांना ‘उडत्या नद्या’ म्हणतात. साओ पाउलोच्या साधारण त्याच अक्षांशावर इतरत्र आताकामा, नामिब आणि ऑस्ट्रेलियातली वाळवंटं आहेत.

हे आपल्याकडेही घडतं. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवून दिलं, की तामिळनाडूला नैऋत्य मोसमी पावसात मिळणाऱ्या ओलाव्याचा मोठा हिस्सा पश्चिम घाटातल्या झाडोऱ्याने सोडलेला असतो, आणि तुटीच्या वर्षी तो आणखी वाढतो.

अॅमेझॉनला ‘पृथ्वीची फुप्फुसं’ म्हणायची पद्धत मात्र सोडलेली बरी. हे जंगल जेवढा ऑक्सिजन तयार करतं, जवळजवळ तेवढा तिथेच खर्चही होतो. खोटं कौतुक कशाला, खरी कामं पुरेशी आहेत. झाडांत आणि मातीत 10,000 कोटी टनांहून जास्त कार्बन कोंडलेला आहे. संशोधक लुसियाना गाट्टी यांच्या गटाने वर्षानुवर्षं विमानातून हवेचे नमुने घेतले आणि 2021 मध्ये जाहीर केलं, की जंगलाचा आग्नेय भाग आता घेतो त्याहून जास्त कार्बन सोडतो आहे.

या जंगलाची वीण कशी असते, ते ब्राझील नटच्या झाडात दिसतं. झाड पन्नास मीटरपर्यंत वाढतं. फुलाच्या तोंडावर घट्ट झाकण असतं. ते उचलून आत शिरायचं बळ फक्त मोठ्या, दणकट मधमाश्यांत असतं. यातल्या काही जातींच्या नरांना मादीला भुलवण्यासाठी ऑर्किडचा सुगंध गोळा करावा लागतो. म्हणजे जवळपास ऑर्किडही हवीत. फळ नारळाएवढं, वजन दोन किलोपर्यंत, आणि कवच असं की माणसाला कोयता लागतो. ते दातांनी फोडणारा प्राणी जवळजवळ एकच, अगूती नावाचा सशाएवढा कृंतक. तो काही बिया खातो, काही पुरून ठेवतो आणि विसरतो. त्यातून नवं झाड उगवतं. ब्राझीलमध्ये हे झाड तोडायला कायद्याने बंदी आहे. मग होतं काय, भोवतीचं रान साफ करून कुरण केलं जातं आणि हे झाड एकटंच उभं राहतं. ना माश्या, ना अगूती. कायदा पाळला जातो, पण झाड फारसं फळ धरत नाही.

रबराचंही असंच. हेन्री फोर्डने 1928 पासून तापाजोस नदीकाठी रबराची शिस्तीत, दाट लागवड केली. रानात एकमेकांपासून लांब वाढणारी झाडं खेटून लावल्यावर पानांवरच्या बुरशीने मळाच्या मळा झोडपला. 1945 मध्ये सगळं ब्राझील सरकारला विकून टाकावं लागलं. रानातल्या झाडांना चिरा देऊन चीक काढणारी माणसं मात्र जंगल राखून पिढ्यान्‌पिढ्या जगली. त्यांचे पुढारी शिको मेंदेस बायकापोरांसह करवतींपुढे उभे राहत. 22 डिसेंबर 1988 रोजी शापुरी गावात त्यांना घराच्या दाराशी गोळी घातली गेली. त्यांच्या सहकारी मारिना सिल्वा चीक गोळा करणाऱ्याच कुटुंबातल्या, सोळाव्या वर्षी अक्षरं शिकलेल्या. त्या 2003 मध्ये पर्यावरणमंत्री झाल्या. उपग्रहाची नजर आणि जागेवर कारवाई यांची सांगड त्यांच्याच काळात बसली. 2004 मध्ये वर्षाला सुमारे 27,700 चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या पावणेदोन पट जंगल तुटत होतं. 2012 मध्ये ते साडेचार हजारांवर आलं. पुढे राजकारण फिरलं आणि 2021 मध्ये आकडा 13,000 वर गेला. 2023 मध्ये सिल्वा पुन्हा मंत्री झाल्या. 2024 चा आकडा जेमतेम सव्वासहा हजार. सरकार बदललं की जंगलाचं नशीब इतक्या लवकर बदलतं, हे मला आशादायक वाटतं तितकंच धास्तीचंही.

आजवर एकंदर सतरा टक्क्यांच्या आसपास जंगल गेलं आहे. थॉमस लव्हजॉय आणि कार्लोस नोब्रे या शास्त्रज्ञांनी 2018 मध्ये बजावलं होतं, की तोड वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत गेली, तर पावसाचं हे चक्र तुटून मोठा भाग माळरान होईल.

बहुतेक तोड गुरांच्या कुरणांसाठी होते, आणि कुरणांमागून सोयाबीन येतं. सोयाबीन पिकवण्यात ब्राझील जगात पहिला. तिकडे पीक कसं आहे याकडे लातूरच्या आडत्यांचंही लक्ष असतं. मातो ग्रोसो हे तिथलं सोयाबीनचं मोठं राज्य. पहिल्या पावसावर सोयाबीन, ते काढलं की त्याच रानात मका, असा तिथला हिशेब. जिथे जंगल जास्त तुटलं, तिथे आता पाऊस उशिरा सुरू होतो. सोयाबीन लांबतं आणि मक्याच्या वाट्याला पावसाचं शेपूट तेवढं उरतं. नव्याने तोडलेल्या अॅमेझॉनमधल्या जमिनीवरचं सोयाबीन घ्यायचं नाही, असा करार बड्या व्यापारी कंपन्यांनी 2006 मध्ये केला होता. 2024 मध्ये याच मातो ग्रोसोच्या विधिमंडळाने तो पाळणाऱ्या कंपन्यांच्या करसवलती काढून घेणारा कायदा केला.