जुनी गाडी सुरू होत नाही? मिस्त्री बोलावण्याआधी दिवे लावून पाहा

गेल्या हिवाळ्यात चिखली तालुक्यातील एका गावी हरभऱ्यावरील घाटेअळी पाहण्यास गेलो होतो. एका शेतकऱ्याच्या अंगणात जुनी मारुती ८०० उभी होती आणि चार जण ती ढकलून घामाघूम झाले होते. म्हाताऱ्या आईला बुलडाण्याच्या दवाखान्यात न्यायचे होते. "साहेब, परवाच नवी ब्याटरी टाकली, तरी काहून टक् करून गप बसते जी?" असा त्यांचा सवाल. चार हजारांवर रुपये गेले होते. बॉनेट उघडून पाहिले तर बॅटरी ठणठणीत. पण निगेटिव्हकडून बॉडीला जाणारी अर्थची वायर गंजून हिरवी पडलेली. पान्याने नट सोडला, पॉलिश पेपरने घासून पुन्हा कसला. पहिल्याच चावीला गाडी सुरू झाली. आजीबाई वेळेत पोहोचल्या, पण चार हजार गेले ते गेलेच.

१५ वर्षे झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे वाढत नाही, त्यामुळे कार्यालयांतील जुन्या जीप गेल्या. मारुती ८०० चे उत्पादनही २०१४ मध्ये थांबले. तरी खेड्यात या गाड्या अजून कामावर आहेत, आणि अडचणीच्या रात्री त्याच दाराशी असतात. तेव्हा दोष कुठे आहे एवढे तरी मालकाला ओळखता आले पाहिजे.

पहिले काम असे करा. मोठे दिवे लावा आणि दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा. दिवे एकदम मावळले आणि नुसते टक् टक् ऐकू आले तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची जोडणी खराब आहे. दिवे लख्ख राहिले पण स्टार्टर हूं की चूं करीत नाही, तर चावीचा स्विच किंवा स्टार्टरच तपासावा लागेल. आणि स्टार्टर जोरात फिरतो पण इंजिन घेत नाही, असे असेल तर बॅटरीला हात लावू नका. दोष ठिणगीचा किंवा तेलाचा आहे. या एका परीक्षेत निम्मे काम होते.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसते ती गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, टोके घासून कसा, वरून व्हॅसलीन लावा. वायर काढताना निगेटिव्ह आधी काढायची आणि जोडताना शेवटी जोडायची. जवळ बिडी, काडी नको, कारण बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. मीटर असेल तर भरलेली १२ व्होल्टची बॅटरी शांत असताना १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. बॅटरी वरचेवर उतरण्याचे आपल्याकडचे एक कारण मात्र मिस्त्री सांगणार नाही. रोही आणि डुकरांसाठी झटका मशीन लावतो आणि त्याला गाडीचीच बॅटरी जोडतो. गाडीची बॅटरी क्षणभर मोठा करंट देण्यासाठी बनवलेली असते. रात्र रात्र थोडा थोडा करंट देऊन ती पार रिकामी होऊ लागली की लवकर मरते. झटक्याला वेगळी बॅटरी ठेवा.

आता पेट्रोल गाडी. एक प्लग काढून त्याची टोपी जोडा, प्लगचे लोखंड इंजिनला टेकवा, पकडीच्या रबरी मुठीने धरा आणि चावी मारायला सांगा. सांडलेले पेट्रोल आधी पुसून घ्या. निळी ठिणगी उडाली तर करंट ठीक. पिवळी, मरगळलेली किंवा अजिबात नसेल तर डिस्ट्रिब्युटरचे (आपले मिस्त्री त्याला डेल्को म्हणतात) झाकण काढून कोरड्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात तेवढ्यानेही गाडी सुरू होते. जुन्या गाडीत आत पॉइंट असतात, ते जळालेले असतील तर साफ करावेत. काढलेला प्लग पेट्रोलने ओला असेल तर चोक जास्त झाला: चोक पूर्ण बंद, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून स्टार्टर मारा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. उन्हाळ्यात खामगाव-मलकापूरकडे उभ्या गाडीच्या नळीत पेट्रोलची वाफ होऊन अडते. पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवून पंधरा मिनिटे थांबा.

आज मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. मक्याला त्यामुळे गिऱ्हाईक मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुन्या गाड्यांचे रबरी पाइप त्यासाठी बनलेले नव्हते, आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत तळाशी पाणी बसते. पाइपाला चिरा दिसल्या तर तो बदलाच, तिथे पैसे वाचवू नका.

डिझेल जीपला ठिणगी नसते, आणि तिचा दोष तुम्हाला अधिक ओळखीचा आहे, कारण विहिरीवरच्या इंजिनाचा तोच स्वभाव. स्टार्टर मारताना सायलेन्सरकडे पाहा. धूर अजिबात नाही म्हणजे डिझेल आत जात नाही. बंद करण्याची तार अडकून बसली आहे का ते आधी बघा. टाकी एकदा कोरडी झाली असेल तर लाइनने हवा घेतली: फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, हातपंप मारत राहा, बुडबुडे थांबून सलग धार आली की स्क्रू कसा. पांढरा धूर येतो पण इंजिन पेट घेत नाही, तर डिझेल पोहोचते पण जळत नाही. हीटर असलेल्या इंजिनात थंडीच्या सकाळी पंधरा-वीस सेकंद हीटर देऊन पाहा. नोझलच्या फवाऱ्याखाली बोट धरू नका, तो दाबाने कातडीत घुसतो.

धक्का मारून सुरू झालेली गाडी तर स्वतःच सांगते की ठिणगी आणि तेल दोन्ही ठीक आहेत, दोष बॅटरी-स्टार्टरकडे आहे. म्हणूनच आपले लोक गाडी उतारावर लावतात!

एक प्रकार मात्र कुणी करू नये. एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओततात आणि दुसरा चावी मारतो. इंजिन उलटा भडका मारते, आणि बाटली हातात असते. एका गावात अशाने भाजलेल्या पोराचा हात मी पाहिला आहे; त्याच्या वडिलांनी नंतर गाडी विकून टाकली.