भवानी ते गोणपाट

पहाटे ४
पुण्यातलं गुलटेकडीचं मार्केट यार्ड. मेथीचा देठ मोडून बघते. कट् वाजला तर माल ताजा. अडत्याशी घासाघीस थोडी, कारण टेम्पोवाला घाई करतो. घाऊक बाजार मंडईतून इकडं हलला तेव्हा सासूबाई तरण्या होत्या. गिऱ्हाईक तुटेल या धास्तीनं तेव्हाही माणसांची झोप उडाली होती, असं त्या सांगतात.

सकाळी ६
मंडईच्या दारात टेम्पो लावायला जागा नाही. लांबून पाट्या डोक्यावर घेऊन येणारे हमालदादा मंडईच्या पुनर्विकासाची गोष्ट निघाली की एवढंच म्हणतात, "मनोरा तसाच राहू द्या ताई, पण माल उतरवायला धक्का द्या."

सकाळी ७
ओटा पुसून मांडणी करते. वांगी पुढं, पालेभाजी मागं, वर पाण्याचा शिपका. मान वर केली की उंच छप्पर दिसतं. एप्रिलमध्येही इथं पालक दुपारपर्यंत तग धरतो. पत्र्याच्या शेडमध्ये तो अकरालाच मान टाकतो. हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही, दोन्हीकडं बसून पाहिलंय.

वासुदेव बापूजी कानिटकरांनी बांधलेली ही इमारत १८८६ मध्ये उभी राहिली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तेव्हा तिला रे मार्केट म्हणत. त्याआधी मंडई शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायची. जोतीराव फुले नगरपालिकेचे सदस्य होते. त्यांनी या खर्चाला विरोध केला. पैसा शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं. पुढं आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं याच इमारतीला फुल्यांचं नाव लागलं. मला ते नाव इथं अगदी योग्य वाटतं. खर्च कुणासाठी, हे त्यांनी आधी विचारलं होतं, आणि आज आम्हालाही तेच विचारायचंय.

सकाळी ९
भवानी झाली. रोजचे आजोबा पाव किलो गवार घेतात. लहानपणी ते वडिलांच्या सायकलवर बसून इथं यायचे. "एका दगडालाही हात लावू देऊ नकोस," म्हणतात. त्यांना कौलं गळतात हे दाखवलं. ते बराच वेळ वर बघत उभे राहिले.

सकाळी ११
२०२४ मध्ये भुयारी मेट्रो सुरू झाल्यापासून स्टेशनातून चढून आलेली मुलंमुली आधी फोटो काढतात, मग लिंबं घेतात. त्यांना स्वच्छता हवी, बसायला बाकडं हवं. ओली जमीन बघून एक मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही दिवसभर इथं कशा बसता?" तिनं मनापासून विचारलं होतं.

दुपारी २
गिऱ्हाईक विरळ. डबे उघडतात आणि पुनर्विकासावरून भांडण रंगतं. काहींना मजले हवेत. वरच्या मजल्यावर कपडे विकतील, भांडी विकतील. दहा रुपयांच्या कोथिंबिरीसाठी जिना कोण चढणार? पण बाहेर रस्त्यावर पथारी टाकणारा दादा मजल्यांच्या बाजूनं आहे. अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की त्याला काटा उचलून पळावं लागतं. मजले झाले तर आपल्याला ओटा मिळेल, ही त्याची आशा. त्याला चूक म्हणायला माझी जीभ वळत नाही.

माझं मत मी सगळ्यांना सांगते. दगडी काम नीट करा, कौलं बदला, गटारं नव्यानं बांधा, आणि ते एकेक बाजू रिकामी करून करा. "तात्पुरतं दुसरीकडं बसा" या शब्दांची मला भीती वाटते. गिऱ्हाईकाच्या पायाला वाट ठाऊक असते. ओटा हलला की ती वाट मोडते, आणि सहा महिन्यांनी माणूस दुसरीकडून भाजी घ्यायला लागतो. आमच्या उधारीच्या वह्या, ओळखी, दर सोमवारी चार जुड्या राखून ठेवायची सवय, यातलं काहीच नकाशात दिसत नाही.

संध्याकाळी ६
ऑफिसं सुटतात. अडीच तास मान वर करायला फुरसत नाही.

रात्री ८.३०
हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर दिवसभरातली मतं उतरवून ठेवते. कुणी विचारायला आलंच तर हाताशी असावीत. शेजारच्या ओट्यावरच्या मावशी वाकून बघतात. सत्तरीच्या आहेत. सकाळी सातपासून दुपारपर्यंत पाण्याचा घोट घेत नाहीत, जावं लागेल म्हणून.

"माझं लिहिलंस का गं?"

"तुम्ही कुठं काही बोललात, मावशी?"

"संडास लिही. बायकांसाठी, जवळ, पाण्याचा."

मी लिहिते, आणि ओलं गोणपाट पालकावर ओढून घेते.