दशांशचिन्हानंतरचा एक अंक

१.१, १.२ आणि १.३. फरक तो केवढासा? पण १५ एप्रिल २०२० रोजी जर्मनीच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी पत्रकारांसमोर हा एवढासा फरक उलगडून दाखवला आणि ती चित्रफीत जगभर फिरली. एकेक रुग्ण सरासरी १.१ जणांना कोविडची लागण देत राहिला, तर ऑक्टोबरमध्ये आपल्या अतिदक्षता विभागांतल्या खाटा संपतील, त्या म्हणाल्या. १.२ जणांना दिली तर जुलैमध्ये. आणि १.३ जणांना? मग जूनमध्येच!

खरं वाटत नाही ना? स्वतः गुणून पाहा. शंभर रुग्ण घ्या आणि लागणीच्या दहा फेऱ्या होऊ द्या. १.१ने दहाव्या फेरीत साधारण २६० नवे रुग्ण निघतात, १.२ने ६२०, आणि १.३ने जवळजवळ १,३८०! दशांशचिन्हाच्या पलीकडचा एक अंक, आणि त्यात अख्खा उन्हाळा मावलेला. मर्केल राजकारणात येण्याआधी संशोधक होत्या, क्वांटम रसायनशास्त्रात त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती. तरी मला थक्क करतं ते त्यांचं गणित नाही. कोट्यवधी सामान्य माणसांना हे गणित कळेल, आणि कळलं तर ती घरी थांबतील, हा त्यांचा भरवसा मला थक्क करतो.

आता न्यूझीलंडला चला. २३ मार्च २०२०. पन्नास लाखांच्या देशात रुग्ण १०२, मृत्यू एकही नाही. अशा वेळी सगळा देश बंद करायचा? पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी तेच ठरवलं. इटलीतही कधीतरी एवढेच रुग्ण होते, असं त्यांनी लोकांना सांगितलं आणि तयारीला अठ्ठेचाळीस तास दिले. आपल्याकडे देशभर टाळेबंदी सुरू झाली त्याच तारखेला, २५ मार्चच्या रात्री, न्यूझीलंडही थांबला. त्या संध्याकाळी लेकीला झोपवून आर्डर्न घरच्याच कपड्यांत फेसबुकवर आल्या आणि लोकांच्या शंकांना उत्तरं देत बसल्या. काही दिवसांनी, ईस्टरची अंडी आणणारा ससा आणि पडलेल्या दातांची परी हे दोघेही अत्यावश्यक सेवेत मोडतात, असं त्यांनी मुलांसाठी पत्रकार परिषदेत जाहीर केलं! नॉर्वेच्या पंतप्रधान एर्ना सोलबर्ग यांनी तर मार्चमध्येच खास मुलांसाठी पत्रकार परिषद घेतली होती आणि भीती वाटली तरी चालतं, असं त्यांना सांगितलं होतं.

पुढे काय झालं? ८ जूनला न्यूझीलंडमध्ये एकही सक्रिय रुग्ण उरला नव्हता. त्याहून मोठं नवल पुढे आहे. त्या हिवाळ्यात तिथे फ्लूची नेहमीची साथ आलीच नाही, कारण कोविडसाठी बंद केलेल्या वाटा फ्लूच्याही होत्या. महासाथीच्या वर्षात त्या देशात एरवीपेक्षा कमी माणसं दगावली!

तैवानमध्ये अध्यक्ष होत्या त्साई इंग-वेन. वूहानहून आलेल्या विमानांत शिरून प्रवासी तपासायला तिथल्या अधिकाऱ्यांनी ३१ डिसेंबर २०१९लाच सुरुवात केली. २०२० संपलं तेव्हा सुमारे २.३५ कोटींच्या तैवानमध्ये कोविडचे मृत्यू होते सात. सात! एप्रिलमध्ये तिथे एक तक्रार आली होती. गुलाबी मास्क घालून शाळेत गेलो तर पोरं चिडवतील, अशी एका मुलाला धास्ती होती. दुसऱ्या दिवशी आरोग्यमंत्री आणि त्यांचे सहकारी, सगळे पुरुष, गुलाबी मास्क लावून पत्रकारांसमोर बसले.

मग साहजिकच जगभर प्रश्न विचारला गेला: बाई प्रमुखपदी असली की साथ लवकर आटोक्यात येते का?

सुप्रिया गरिकिपाटी आणि उमा कंभमपाटी या इंग्लंडमधल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तो तपासायला घेतला. तपासायचा कसा? खताचा गुण पाहायचा, तर एकाच बांधाच्या अलीकडचं आणि पलीकडचं रान शेजारी ठेवून पाहावं लागतं. त्यांनी तेच केलं. जर्मनीशेजारी ब्रिटन, न्यूझीलंडशेजारी आयर्लंड, बांगलादेशाशेजारी पाकिस्तान अशा मिळत्याजुळत्या देशांच्या जोड्या लावल्या. पहिल्या लाटेत स्त्रियांच्या हाती असलेल्या देशांत मृत्यू कमी दिसले आणि टाळेबंदीही लवकर लागलेली दिसली. पैशाचा धोका पत्करायला या स्त्रिया तयार होत्या, जिवांचा नाही, असा अर्थ त्यांनी लावला.

इथे थांबता आलं असतं. पण खत मुळात कसदार रानातच पडलं असेल तर? २०२०च्या अखेरीस लिआ विंडसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या हिशोबात हा फरक इतका पुसट निघाला, की तो योगायोगही असू शकेल. नेता स्त्री की पुरुष, यापेक्षा त्या समाजाची मूल्यं काय आहेत यावरून मृत्यूंचा उलगडा जास्त होत होता. म्हणजे बाण उलटा फिरतो! बाईमुळे देश शहाणा झाला, की शहाण्या देशानेच बाईला निवडलं? तैवानने २००३मध्ये सार्सचा तडाखा खाल्ला होता. त्या वेळी आरोग्य खातं सांभाळणारे साथरोगतज्ज्ञ चेन चिएन-जेन २०२०च्या सुरुवातीला त्साईंचे उपाध्यक्ष होते. यातलं श्रेय त्साईंना किती आणि त्या जुन्या जखमेला किती? शिवाय बेल्जियममध्येही पंतप्रधान स्त्रीच होत्या, सोफी विल्मेस, आणि तिथला मृत्युदर त्या वसंतात जगातल्या सर्वांत वाईट दरांपैकी होता. (वृद्धाश्रमांतले संशयित मृत्यूही बेल्जियमने प्रामाणिकपणे मोजले, हेही खरं.) उलट व्हिएतनामचं नेतृत्व पुरुषांकडे होतं, आणि त्या देशाने पहिली लाट जवळपास शिवू दिली नाही.

मर्केल, आर्डर्न आणि त्साई यांनी केलं ते अस्सल होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ते त्या स्त्री होत्या म्हणून घडलं, हे मात्र सिद्ध झालेलं नाही, आणि होणार तरी कसं? पहिल्या अभ्यासातल्या १९४ देशांपैकी स्त्रियांच्या हाती होते फक्त १९. पुढची साथ येईल तेव्हा हा हिशोब पुन्हा मांडला जाईल. तोवर त्या एकोणीसच्या जागी निदान साठ-सत्तर तरी असायला हवेत, नाहीतर कोणतंही संख्याशास्त्र या प्रश्नाचं उत्तर देऊ शकणार नाही.