मांजराची माती

१९४७ साली अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, कॅसोपोलिस या गावी, एडवर्ड लोव नावाच्या तरुणाकडे एक शेजारीण वाळू मागायला आली. मांजरासाठी ठेवलेली तिची वाळू थंडीने गोठली होती. राख वापरावी, तर मांजराच्या पायांचे ठसे घरभर उमटत. लोवच्या घरचा धंदा कारखान्यांतले सांडलेले तेल टिपणारे पदार्थ विकण्याचा. त्याने वाळूऐवजी ‘फुलर्स अर्थ’ दिली. पुढे तीच माती पिशव्यांत भरून त्याने वर ‘किटी लिटर’ असे लिहिले आणि एक मोठा व्यवसाय उभा राहिला.

ही फुलर्स अर्थ म्हणजे आपली मुलतानी माती. ‘फुलर’ म्हणजे लोकरीचे कापड तुडवून स्वच्छ करणारा कारागीर. लोकरीतला तेलकटपणा ही माती ओढून घेई. आपल्याकडे ती चेहऱ्याला लावतात. एकाच मातीच्या नशिबी काय काय येते पाहा!

आता वासाचे बघू. ताज्या मुतात अमोनिया फारसा नसतो, असतो तो युरिया. ओलाव्यात वाढणारे जिवाणू त्याचे विघटन करतात, तेव्हा नाकाला झोंबणारा अमोनिया सुटतो. म्हणजे शोषक पदार्थ वास झाकत नाही, तर जिवाणूंचे पाणी तोडतो. राख पाणी टिपते खरी, पण ती अल्कधर्मी असल्याने तयार झालेला अमोनिया वायुरूपात लवकर सोडून देते. चुलीतली राख फुकट मिळते म्हणून ती चांगली ठरत नाही.

१९८४ मध्ये टॉमस नेल्सन या जीवरसायनशास्त्रज्ञाने गोळा होणारी माती शोधली. ती म्हणजे सोडियम बेंटोनाइट. या मातीचे कण पातळ थरांचे असतात आणि थरांवर ऋण भार असतो. मध्ये कॅल्शियम असेल, तर त्याचा दुहेरी भार थरांना घट्ट धरतो. सोडियमची पकड सैल. पाणी आत शिरते, माती अनेक पटींनी फुगते आणि चिकट गोळा होतो. तेवढाच काढून टाकायचा. मात्र संडासात टाकायचा नाही, नळीतही तो फुगतच राहतो.

माझा आक्षेप पुढच्या प्रवासाला आहे. कोंबड्यांच्या गादी पद्धतीतले भाताचे तूस किंवा गोठ्यातले पाचट मातीइतके टिपत नसेल, पण ते कुजते आणि मुतातला नत्र शेतात परत जातो. बेंटोनाइट खाणीतून निघते, महिनाभर घरात राहते आणि कचरा डेपोत जाऊन पडते. कुजण्यासारखे त्यात काही नाहीच.

तूस किंवा लाकडाचा भुसा वापरला तरी मांजराची विष्ठा भाजीच्या वाफ्यात घालू नये. तिच्यात टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडकोशिका असू शकते. ती बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला साधारण एक ते पाच दिवस घेते. म्हणून तबक रोज साफ करावे, आणि घरात गर्भवती असेल तर ते काम दुसऱ्याने करावे.