परदेशी जाणाऱ्याने आपले नाव दफ्तरात चढवून घ्यावे

जाम चौरस्त्यावर आमचे कापडाचे दुकान आहे. नागपूरहून येणारा मोठा रस्ता इथे फुटतो. एक वाट हिंगणघाटवरून हैदराबादकडे जाते, दुसरी वरोरा, चंद्रपूरकडे. त्यामुळे आसपासच्या गावांतून सौदी, दुबई, कतारला निघालेली मुले गाडीत बसण्याआधी आमच्याकडे येतात. कुणी दोन पँटपीस घेतो, कुणी चादर आणि टॉवेल. आम्ही विचारतो, "व्हिसा आला का? तिकीट झाले का?" दोन्हींचे उत्तर "हो" असते. मग विचारतो, "तिथल्या सरकारी दफ्तरात तुझे नाव कोण लिहिणार?" यावर मुलगा आमच्या तोंडाकडे पाहत राहतो.

हा तिसरा प्रश्न आम्हीही पूर्वी विचारत नव्हतो. तो विचारायला लागण्याचे कारण आमच्याच घरात घडले.

आमच्या बहिणीचा मुलगा शिलाईकामात हुशार. 2014 साली तो "आझाद व्हिसा"वर सौदीला गेला. आझाद व्हिसा म्हणजे कागद एका कफीलच्या नावाचे आणि काम दुसऱ्याच ठिकाणी. कफील त्याबद्दल दर वर्षी रक्कम घेतो. कायद्याच्या दृष्टीने असा कुठला व्हिसा नसतोच, पण बाजारात तो सर्रास विकला जातो. भाचा एका शिलाई कारखान्यात कामाला लागला, आणि दुसऱ्या वर्षी कापड कापण्याच्या मशीनमध्ये त्याची दोन बोटे गेली. कारखानेवाल्याने पहिली मलमपट्टी केली आणि हात वर केले. कफील म्हणाला, हा माझ्याकडे कामालाच नव्हता. भाचा परत आला तेव्हा म्हणाला, "मामू, मी तिथे शिवणकाम करत होतो याचा एकही कागद माझ्याजवळ नाही."

एजंटचे पैसे आम्हीच भरले होते. कापडाचे थान घेताना आम्ही ते दहा वेळा उलटून पाहतो. भाच्याचे कागद मात्र एकदाही वाचले नाहीत. एजंटला एवढेच विचारले, "किती दिवसांत जाईल?" ही चूक आमची. दुसऱ्या घरात ती होऊ नये म्हणून हा लेख.

कुठल्या देशात कसली नोंद?

सौदी अरबमध्ये सामाजिक विम्याची सरकारी संस्था आहे, तिला "गोसी" म्हणतात. परदेशी कामगाराला तिच्याकडून पेन्शन मिळत नाही, पण कामावरच्या अपघाताचे संरक्षण मिळते. त्यासाठी पगाराच्या 2 टक्के रक्कम मालकाने भरायची असते. कामगाराच्या पगारातून या नावाखाली एक रियालही कापता येत नाही. उपचाराचा खर्च, कामावर जाता येत नाही त्या दिवसांचा भत्ता, कायमचे अपंगत्व आल्यास ठरावीक रक्कम आणि मृत्यू झाल्यास वारसांचा हक्क, हे सारे त्यात येते. अट एकच. ज्याच्याकडे प्रत्यक्ष काम करता, त्याच्याच नावावर तुमची नोंद हवी. आमच्या भाच्याचे घोडे इथेच अडले.

दुसरा हक्क नोकरी संपतानाच्या रकमेचा. सौदी कायद्याप्रमाणे पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी अर्ध्या महिन्याचा पगार आणि त्यापुढे दर वर्षी पूर्ण महिन्याचा. पगार 2,000 रियाल आणि नोकरी सात वर्षे असेल, तर पाच वर्षांचे 5,000 आणि पुढच्या दोन वर्षांचे 4,000, असे 9,000 रियाल होतात. मात्र स्वतःहून राजीनामा दिला तर हिशेब बदलतो. दोन वर्षांच्या आत काही नाही, दोन ते पाच वर्षांत एक तृतीयांश, पाच ते दहा वर्षांत दोन तृतीयांश, आणि दहा वर्षे झाल्यावर पूर्ण. म्हणजे वरच्या हिशेबातला माणूस राजीनामा देऊन निघाला तर त्याला 6,000 रियाल मिळतील. घाईने राजीनामा लिहिण्याआधी ही आकडेमोड करावी.

दुबई, शारजाह, अबुधाबी या अमिरातीत एक वर्ष पूर्ण झाल्यावर पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी 21 दिवसांचा आणि पुढे दर वर्षी 30 दिवसांचा मूळ पगार मिळतो. इथे "मूळ पगार" या शब्दाकडे लक्ष द्यावे. करारात मूळ पगार थोडा आणि भत्ते जास्त लिहिले असतील, तर हातात पैसे तेवढेच येतात, पण शेवटची रक्कम घटते.

अमिरातीत 1 जानेवारी 2023 पासून नोकरी गेल्याचा विमाही सक्तीचा झाला आहे. त्याची नोंद मालकाने नव्हे, कामगाराने स्वतः करायची असते. मूळ पगार 16,000 दिरहमपर्यंत असेल तर महिन्याला 5 दिरहम लागतात. बारा महिने हप्ते भरल्यावर नोकरी गेली तर मूळ पगाराच्या 60 टक्के रक्कम जास्तीत जास्त तीन महिने मिळते. अर्ज 30 दिवसांच्या आत करावा लागतो. राजीनामा देणाऱ्याला हा विमा मिळत नाही. घरकाम करणारे यात येत नाहीत. नोंद न करणाऱ्याला 400 दिरहम दंड आहे. आपली मुले पाच दिरहम वाचवतात आणि चारशे भरतात.

बहरीनने मार्च 2024 पासून वेगळी पद्धत आणली. नोकरी संपतानाची रक्कम मालकाने तिथल्या सरकारी विमा संस्थेत दर महिन्याला भरायची, पहिली तीन वर्षे पगाराच्या 4.2 टक्के आणि पुढे 8.4 टक्के. मालक बुडाला तरी जमा झालेला पैसा त्याच्याबरोबर बुडत नाही. मलेशियानेही 2019 पासून परदेशी कामगारांना कामावरच्या अपघाताच्या सरकारी विम्यात घेतले आहे.

एक गोष्ट मात्र साफ समजून घ्यावी. जर्मनी, फ्रान्स, जपान, ऑस्ट्रेलिया अशा काही देशांशी भारताचे सामाजिक सुरक्षेचे करार आहेत. आखाती देशांशी तसा करार नाही. त्यामुळे तिथे वीस वर्षे राबले तरी म्हातारपणाची पेन्शन तयार होत नाही. म्हातारपणाची तजवीज दर महिन्याच्या कमाईतून इथेच करावी लागते.

निघण्यापूर्वी

दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर सहसा "ईसीआर"चा शिक्का असतो. अशा माणसाला आखातासह ठरावीक देशांत नोकरीला जाताना सरकारची परवानगी लागते. ती ई-मायग्रेट या सरकारी व्यवस्थेतून, प्रवासी संरक्षकाच्या कार्यालयामार्फत मिळते. आपल्या राज्याचे हे कार्यालय मुंबईत आहे. एजंट सरकारकडे नोंदलेला आहे की नाही हे तिथेच तपासता येते. नोंदलेल्या एजंटाला 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त मेहनताना घेता येत नाही.

या वाटेने जाणाऱ्याला प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. 2017 सालच्या दराप्रमाणे दोन वर्षांचे 275 रुपये आणि तीन वर्षांचे 375 रुपये, कर वेगळा. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला 10 लाख रुपयांचे संरक्षण. व्हिजिट व्हिसावर पाठवणारा एजंट "परवानगीची कटकट नको" म्हणतो, तेव्हा तो हा विमाही तुमच्या हातून काढून घेत असतो.

ज्यांनी हिंगणघाटच्या गिरण्यांत किंवा इतर कारखान्यांत काम केले आहे, त्यांनी निघताना प्रॉव्हिडंट फंडाकडे पाहावे. दहा वर्षे भरली नसतील तर पेन्शनचा पैसा घाईने काढण्याऐवजी योजना प्रमाणपत्र घेता येते. परत येऊन पुन्हा नोकरी केली तर आधीची वर्षे मोजली जातात.

आता नावाची गोष्ट. आपल्यात "शेख" हा एकच शब्द इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहितात. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरा, पासपोर्टवर तिसरा. बायकांच्या नावापुढे कुठे "बी", कुठे "बेगम", कुठे काहीच नाही. माणूस जिवंत असेपर्यंत हे चालून जाते. वारस म्हणून बायकोने दावा केला की त्या एका अक्षरावर फाईल महिनोन्महिने पडून राहते. नवरा, बायको आणि मुलांची नावे सर्व कागदांवर सारखी करून मगच तिकीट काढावे.

पोहोचल्यावर

पहिल्या महिन्यात तीन गोष्टी पाहाव्यात. इकाम्यावर लिहिलेला मालक आणि काम देणारा मालक एकच आहे का? करारातला पगार आणि बँकेत येणारा पगार एकच आहे का? विम्याच्या सरकारी दफ्तरात आपले नाव दिसते का? ही नोंद आता मोबाईलवरही पाहता येते. करार, इकामा आणि पगाराच्या नोंदींचे फोटो घरी पाठवावेत आणि घरच्यांनी त्यांच्या छापील प्रती ट्रंकेत ठेवाव्यात.

जुने कागद केव्हा कामी येतील सांगता येत नाही. 2 ऑगस्ट 1990 रोजी इराकने कुवेतवर हल्ला केला आणि पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना सारे सोडून परतावे लागले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने नुकसानभरपाई दिली. नुसते देश सोडावे लागल्याबद्दलही एकट्या माणसाला अडीच ते चार हजार डॉलर आणि कुटुंबाला पाच ते आठ हजार डॉलर अशी ठरावीक रक्कम होती. ती मिळण्यासाठी आपण तिथे होतो हे दाखवावे लागले. लोक सामान टाकून आले होते. अशा वेळी पासपोर्ट आणि कामाचा परवानाच उपयोगी पडला.

व्यापारी बंधूंना वेगळे सांगायला नको. उधारीच्या वहीत जे लिहिले नाही, त्याचा तगादा करता येत नाही. घामाच्या पैशाचेही तसेच आहे.

आमचा भाचा आता आमच्याच दुकानात बसतो. उरलेल्या बोटांनी कात्री धरायला तो शिकला आहे. परदेशी निघालेला मुलगा कापड घ्यायला आला की तो आधी त्याच्या हातातला करार मागून घेतो, शेवटपर्यंत वाचतो, आणि मगच मीटर हातात घेतो.