जोडणीविना वाचन : डॉस संगणकावरील ऑफलाईन टपाल व न्यूजग्रुप रीडरची मांडणी

प्रस्तावना

आज संगणक सुरू केला की तो जाळ्याशी जोडलेलाच असतो. त्यामुळे 'जोडलेला संगणक' आणि 'न जोडलेला संगणक' हा भेद नव्या पिढीच्या लक्षातही येत नाही. व्यक्तिगत संगणकाच्या आरंभीच्या काळात मात्र दूरध्वनीची जोडणी ही काही मिनिटांची, पैसे मोजून घ्यावयाची गोष्ट होती. त्या मर्यादेतून 'ऑफलाईन रीडर' या नावाने ओळखला जाणारा प्रोग्रॅमचा प्रकार जन्मास आला. टपाल आणि न्यूजग्रुपमधील लेख एकाच वेळी पाकीट बांधून उतरवून घ्यावयाचे, दूरध्वनी ठेवून द्यावयाचा, सावकाश वाचावयाचे, उत्तरे लिहावयाची आणि पुढील जोडणीच्या वेळी ती एकत्र पाठवावयाची, असा हा क्रम होता.

प्रस्तुत लेखात डॉस संगणकावर अशी व्यवस्था कशी लावली जात असे आणि तिची रचना तशीच का होती, याचे विवेचन केले आहे. हा विषय केवळ स्मरणरंजनाचा नाही. त्या काळचा पत्रव्यवहार आजही काही संग्रहांत फ्लॉपीवर त्याच स्वरूपात पडून आहे, आणि ते स्वरूप ठाऊक नसेल तर असा मजकूर हाती असूनही वाचता येत नाही.

वेळेचे गणित

यूजनेटची कल्पना १९७९ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांची. युनिक्सवरील यूयूसीपी या पद्धतीने एक संगणक दुसऱ्याला दूरध्वनी करी आणि साठलेले लेख त्याच्या हवाली करी. म्हणजे मुळात यूजनेट हीच साठवून पुढे पाठविण्याची व्यवस्था होती. ऑफलाईन रीडरने तीच साखळी एका कडीने वाढवून घरच्या मेजापर्यंत आणली, असे म्हणता येईल.

घरच्या वापरकर्त्याला सामान्यतः विद्यापीठाच्या किंवा सेवादात्याच्या युनिक्स संगणकावर शेल खाते मिळे. मोडेमवरून तेथे प्रवेश करून आरएन किंवा टिन यांसारख्या प्रोग्रॅमने लेख वाचता येत. परंतु वाचन चालू असेपर्यंत दूरध्वनी अडकून राही. ब्रिटनमध्ये स्थानिक संभाषणालाही वेळेनुसार आकार पडे. अमेरिकेत स्थानिक संभाषण बहुधा ठरावीक भाड्यात येई, पण दूरच्या शहरातील बुलेटिन बोर्डाला जोडावयाचे तर देयक फुगत असे.

यातील बचत किती, हे साध्या हिशेबाने दिसते. २४०० बिट प्रतिसेकंद वेगाच्या मोडेमवर एका अक्षरामागे आरंभ व अंताचे बिट धरून दहा बिट लागतात, म्हणून सेकंदाला २४० अक्षरे येतात. २५० किलोबाईट मजकूर आकुंचित करून १०० किलोबाईटांवर आणला, तर तो सुमारे सात मिनिटांत उतरतो. या मजकुरात इंग्रजीचे अंदाजे ४०,००० शब्द असतात, आणि मिनिटाला २०० शब्द वाचणाऱ्यास ते वाचण्यास सुमारे तीन तास वीस मिनिटे लागतात. तीन तासांहून अधिक काळाचे वाचन सात मिनिटांच्या जोडणीत, हे या साऱ्या खटाटोपामागील कारण होय.

दोन प्रकारची पाकिटे

पाकिटाच्या स्वरूपावर पुढील सर्व मांडणी अवलंबून असे. बुलेटिन बोर्डांच्या जगात क्यूडब्ल्यूके हे स्वरूप १९८७ पासून रूढ झाले. त्यात सर्व संदेश मेसेजेस.डॅट या एकाच फाईलमध्ये, १२८ बाईटांच्या ठोकळ्यांत रचलेले असत. कंट्रोल.डॅट या फाईलमध्ये बोर्डाचे नाव व विभागांची यादी असे आणि उत्तरांचे पाकीट आरईपी या विस्ताराने परत जाई. ही रचना सुटसुटीत होती, परंतु ती बुलेटिन बोर्डाच्या मापाने बेतलेली होती. विषयासाठी अवघी २५ अक्षरे, नावासाठीही २५. यूजनेटच्या लेखाला लांब विषय, संपूर्ण पत्ता, लेखाचा एकमेव ओळखक्रमांक म्हणजे मेसेज-आयडी आणि पूर्वीच्या लेखांचे संदर्भ असे पुष्कळ शीर्षतपशील असतात. क्यूडब्ल्यूकेच्या मूळ मस्तकात त्यांना जागाच नव्हती. परिणामी कोणते उत्तर कोणत्या प्रश्नाचे, हा धागा तुटे.

ही उणीव सूप या स्वरूपाने भरून काढली. सूप म्हणजे 'सिंपल ऑफलाईन यूजनेट पॅकेट'. यातील एरियाज नावाच्या फाईलमध्ये प्रत्येक न्यूजग्रुपसाठी एक ओळ असते आणि तीत संदेशफाईलचे नाव, गटाचे नाव व रचनेचा प्रकार दाखविणारी अक्षरे टॅबने विभागलेली असतात. लेख मात्र आपल्या संपूर्ण मस्तकासह जसाच्या तसा ठेवला जातो. एका प्रकारात प्रत्येक लेखापूर्वी त्याची बाईटमधील लांबी सांगणारी एक ओळ असते, तर दुसऱ्यात चार बाईटांत ती लांबी नोंदलेली असते. उत्तरांसाठी रिप्लाईज ही वेगळी यादी. लेखाच्या मस्तकाला हात न लावणे हा निर्णय वरकरणी साधा दिसतो; पण न्यूजग्रुपसाठी सूप हेच योग्य पाकीट ठरते ते त्यामुळेच, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

यजमान संगणकावर यूक्यूडब्ल्यूके हा प्रोग्रॅम टपालपेटी व वर्गणी घेतलेले गट तपासून यांपैकी कोणतेही पाकीट बांधून देत असे. घरी सूप वाचण्यासाठी यार्न हा डॉसवरील रीडर लोकप्रिय होता.

प्रत्यक्ष मांडणी

पहिली अडचण मोडेमची. डॉस संगणकावर कॉम-१ व कॉम-३ ही दोन्ही बंदरे व्यत्ययरेषा चार वापरीत, तर कॉम-२ व कॉम-४ ही रेषा तीन. माऊस कॉम-१ वर आणि मोडेम कॉम-३ वर लावला की माऊस हलताच जोडणी बिघडत असे, व वापरकर्ता दोष दूरध्वनी केंद्राला देई. माऊस एका रेषेवर आणि मोडेम दुसरीवर, एवढी दक्षता पुरेशी होती. दुसरी गोष्ट बंदराच्या चिपची. जुन्या ८२५० व १६४५० चिपमध्ये आलेले एकच अक्षर थांबू शके; १६५५०ए मध्ये सोळा अक्षरांची रांग होती. डॉसवर जुनी चिप बहुधा निभावून नेई, पण विंडोज ३.१ खाली ९६०० वा अधिक वेगाला ती अक्षरे गाळीत असे.

यानंतर कॉन्फिग.सिस मध्ये एकाच वेळी उघडावयाच्या फाईलींची संख्या वाढवावी लागे, आणि ऑटोएक्झेक.बॅट मध्ये वापरकर्त्याची घरची डिरेक्टरी व कालविभाग नोंदवावा लागे. कालविभागाची नोंद विशेष फसवी होती. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यासाठी ती 'ईएसटी५ईडीटी' अशी लिहीत, म्हणजे ग्रिनिचच्या पश्चिमेकडील तास धन धरले जात. नकाशावरून अंदाज करणारा नेमका उलटे चिन्ह देई आणि त्याच्या लेखावर चुकीची वेळ पडे. तारखेचे महत्त्व शोभेपुरते नव्हते. संगणकाची घड्याळाची बॅटरी संपून तारीख १९८० वर गेली असेल, तर न्यूज सर्व्हर असा लेख शिळा समजून नाकारण्याचा संभव असे.

वापरकर्त्याची ओळखही याच वेळी नोंदवावयाची असे. येणे-जाणे यजमान संगणकामार्फत असल्यामुळे प्रेषकाचा पत्ता यजमानावरील खात्याचा हवा, घरच्या संगणकाला वापरकर्त्याने दिलेल्या नावाचा नव्हे. तो चुकला तर लेख जगभर जाई, परंतु त्याला आलेले एकही खासगी उत्तर परत पोहोचत नसे. स्वाक्षरी चार ओळींत आटोपावी, असा शिष्टाचार होता.

पाकीट उतरविण्यासाठी झेडमोडेम ही पद्धत सर्वांत सोयीची. मध्येच जोडणी तुटली तर ती पुढील वेळी तुटल्या जागेपासून पुढे जाऊ शके. पाकीट घरी आले की इम्पोर्ट ही आज्ञा देऊन ते रीडरच्या संग्रहात समाविष्ट करावयाचे.

हानी की पुनरुक्ती

या व्यवस्थेतील सर्वांत नाजूक भाग येथे आहे. कोणते लेख वाचून झाले, याची नोंद यजमान संगणकावरील न्यूजआरसी नावाच्या फाईलमध्ये असते. गटाच्या नावापुढे अपूर्णविराम असेल तर वर्गणी चालू, उद्गारचिन्ह असेल तर बंद, आणि त्यापुढे वाचलेल्या लेखांचे क्रमांक, उदाहरणार्थ १ ते ४८२१. पाकीट बांधताना ही नोंद लगेच पुढे सरकविली आणि नंतर पाकीट घरी पोहोचण्यापूर्वीच नष्ट झाले, तर ते लेख कोणीही वाचलेले नसतात; यजमान मात्र ते वाचले गेले असे समजतो. सर्व्हरवर लेख मर्यादित दिवसच राहत, त्यामुळे काही दिवसांनी ते कायमचेच जात. म्हणून जाणते वापरकर्ते जुन्या न्यूजआरसीची प्रत राखून ठेवीत व पाकीट घरी सुखरूप उघडल्यावरच ती काढून टाकीत.

टपालाच्या बाबतीत हाच विचार पीओपी-३ या प्रमाणात अंगभूत आहे. तेथे पत्र काढून टाकण्याची आज्ञा दिली तरी ते केवळ खूण करून ठेवले जाते. प्रत्यक्षात ते नष्ट होते ते वापरकर्त्याने रीतसर निरोप घेतल्यावर. मध्येच दूरध्वनी तुटला तर सर्व्हरने काहीही काढून टाकावयाचे नाही. परिणामी पुढील वेळी तीच पत्रे पुन्हा येऊ शकतात. पुनरुक्ती परवडते, हानी परवडत नाही, हा निवाडा त्यामागे आहे. पुनरुक्तीवर उपायही सोपा आहे. मेसेज-आयडी सारखा दिसला की रीडर दुसरी प्रत टाकून देतो. सूपने मस्तक अबाधित ठेवल्याचा लाभ येथे पुन्हा दिसतो.

साठवण

लेख घरी आल्यावर ते ठेवावयाचे कोठे? युनिक्सवर एक लेख म्हणजे एक फाईल, अशी रीत होती. डॉसवर ती परवडणारी नव्हती. डॉसची फाईलव्यवस्था डिस्क ठरावीक आकाराच्या गठ्ठ्यांत वाटते. ५१२ मेगाबाईटांच्या विभागात एक गठ्ठा आठ किलोबाईटांचा असतो. दोन किलोबाईटांचे ५००० लेख वेगवेगळ्या फाईलींत ठेवले, तर दहा मेगाबाईटांच्या मजकुराला चाळीस मेगाबाईट जागा जाते. यास्तव डॉसवरील रीडर अनेक लेख एका मोठ्या फाईलमध्ये ठेवून त्यांची सूची वेगळी सांभाळीत. जुने लेख काढून टाकण्याची आज्ञा अधूनमधून चालवावी लागे, आणि नको असलेले विषय वा लेखक आपोआप वगळणारी 'किल फाईल' वेळ व जागा दोन्ही वाचवी.

मराठीचा प्रश्न

यूजनेटवर सॉक.कल्चर.इंडियन.मराठी हा गट होता आणि परदेशस्थ मराठी भाषकांचा तेथे वावर असे. तेथे मराठी मुख्यतः रोमन लिपीत लिहिली जाई. याला लेखकांचा आळस हे कारण नव्हे. त्या काळच्या एसएमटीपी टपालव्यवस्थेत सात बिटांचीच हमी होती, तर देवनागरीसाठी भारतीय मानक म्हणून १९९१ मध्ये ठरलेली इस्की संहिता आठ बिटांची होती. ती पाठवावयाची तर यूयूएनकोडसारख्या पद्धतीने तीन बाईटांची चार अक्षरे करावी लागत. पाकीट एकतृतीयांशाहून अधिक फुगे आणि समोरच्याजवळ इस्की दाखविणारा प्रोग्रॅम नसेल तर सारा व्याप फुकट जाई. रोमन लिपीतील मराठी ओबडधोबड खरी, पण ती प्रत्येक पाकिटातून सुरक्षित पार पडे.

भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. तेथेही शेल खातेदाराला केवळ अक्षरी पडदा मिळे आणि खात्याच्या तासांखेरीज दूरध्वनीचा आकार वेगळा पडे. वेळेचे वर मांडलेले गणित त्यामुळे येथील वापरकर्त्यालाही लागू होते.

जुन्या पाकिटांचे वाचन

यूजनेटचे लेख कोणीतरी जपले असतील, अशी समजूत असते. ती अंशतःच खरी आहे. टोरांटो विद्यापीठात हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ ते १९९१ या काळातील सुमारे वीस लक्ष लेख १४१ फितींवर राखले. डेजान्यूजने १९९५ पासून संग्रह केला व तो २००१ मध्ये गूगलकडे गेला. गूगल ग्रुप्सने २२ फेब्रुवारी २०२४ पासून यूजनेटचे नवे लेख घेणे थांबविले. जुना संग्रह तेवढा शोधता येतो. मात्र खासगी ई-मेल आणि बुलेटिन बोर्डांवरील स्थानिक चर्चा यांना असा सार्वजनिक आधार मिळाला नाही. त्यांची एकमेव प्रत एखाद्या निवृत्त प्राध्यापकाच्या फ्लॉपीवर असू शकते.

अशी फ्लॉपी हाती आल्यास प्रथम तिची संपूर्ण प्रतिमा-प्रत घ्यावी आणि मूळ फ्लॉपीवर काहीही लिहू नये. बहुतेक पाकिटे झिप स्वरूपातील असल्यामुळे त्यांचा विस्तार बदलून ती आजच्या संगणकावरही उघडता येतात. आत एरियाज फाईल आढळली तर ते सूप होय आणि लेख साध्या मजकुराप्रमाणे वाचता येतात. मेसेजेस.डॅट आढळली तर ते क्यूडब्ल्यूके. त्यात ओळी तुटलेल्या न दिसता मजकूर सलग दिसेल व मध्येमध्ये ग्रीक पाय हे अक्षर किंवा त्याच्या जागी दुसरेच विचित्र चिन्ह येईल. फाईल बिघडलेली नाही. क्यूडब्ल्यूकेमध्ये ओळीचा शेवट २२७ या संकेताने दाखवितात आणि डॉसच्या ४३७ क्रमांकाच्या अक्षरसंचात त्या संकेताला पाय आहे. त्याच्या जागी नवी ओळ घातली की पत्र वाचता येते.